अनुभव धागा: एक कॅसेट घेतली आणि कितीतरी बँड घरी आले

श्रावणात उघडीप मिळाली की मी कॅसेटचं खोकं गॅलरीत काढते. जुलैभर कपाटात कोंडलेल्या फितीवर बुरशी धरतेच, रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसायला लागतात. परवा त्यातूनच १९९६च्या 'रोमिओ + ज्युलिएट'ची कॅसेट हाती आली आणि म्हटलं, हा धागा आता काढायचाच.

हिंदी सिनेमाच्या कॅसेट सगळ्यांच्याच घरी होत्या. मी विचारतेय ते रेडिओवर न लागणारं, जरा आडवाटेचं पॉप-रॉक ज्यांच्यात एकत्र यायचं त्या साउंडट्रॅकबद्दल. तेव्हा पुण्यात अशा एखाद्या बँडचा अख्खा अल्बम हवा असेल, तर दुकानदाराला सांगून ठेवायचं आणि महिनाभर चकरा मारायच्या. सिनेमाची कॅसेट मात्र सरळ काउंटरवर यायची, आणि तिच्यात रेडिओहेड, गार्बेज, कार्डिगन्स सगळे आयते मिळायचे.

सिनेमा मी अलका टॉकीजला पाहिला. शेवटी नावं सुरू झाली, दारं उघडली, लोक चपला शोधत उठले, आणि एक गाणं सुरू झालं. नुसती गिटार आणि अगदी दबलेला आवाज. मी रांगेत मधेच उभी राहिले, मागचे लोक 'चला, चला' करत होते. दुसऱ्या दिवशी सव्वाशे रुपये मोजून कॅसेट आणली, दोन्ही बाजू ऐकल्या. रेडिओहेडचं 'टॉक शो होस्ट' होतं, ते गाणं नव्हतंच! दिग्दर्शक बाझ लुहरमनने सिनेमाचा शेवटचा अर्धा तास रेडिओहेडकडे पाठवला, त्यावरून खास या सिनेमासाठी लिहिलेलं गाणं, आणि सिनेमाच्याच अल्बमवर नाही. १९९७ला त्यांचा 'ओके कम्प्युटर' हा अल्बम आला तेव्हा ते मला पुन्हा भेटलं, 'एक्झिट म्युझिक'.

तुम्ही काय जमवलंत? कुठून? त्यातून पुढे कुणाला ऐकायला लागलात? सविस्तर लिहा, घाई नाही.

सदाशिव पेठ

माझं सगळं 'ट्रेनस्पॉटिंग' या सिनेमाच्या गाण्यांपासून सुरू झालं. मूळ कॅसेट हॉस्टेलच्या एका सीनियरची. मी ती डबल डेकवर नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली आणि त्याचा इनले, म्हणजे डबीतला छापील कागद, समोर ठेवून चौदाच्या चौदा गाण्यांची नावं बॉलपेनने लिहून काढली. लिहितानाच लक्षात आलं, की बारीक अक्षरांतली सालं एकमेकांशी जुळत नाहीत. लू रीडचं गाणं १९७२चं, इगी पॉपचं १९७७चं, आणि त्यांच्या शेजारी ब्लर, पल्प, इलॅस्टिका हे नव्वदच्या दशकातले बँड. कुणीतरी हे मुद्दाम एकापुढे एक लावलंय, हे तेव्हा कळलं. त्या निवडीतच शिकवणी होती. 'ॲटॉमिक' हे गाणं स्लीपर या बँडचंच, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. ते मुळात ब्लाँडीचं. मग ब्लाँडी शोधली. असं एकेक नाव धरून मागे मागे जात राहिलो, अजून जातोय.

एक सांगतो, आता फोनवर हीच गाणी मिळतात, पण लोक ती उलटीपालटी लावतात. या अल्बमचा क्रम मोडू नये असं माझं ठाम मत आहे.

कर्वेनगर

आपल्याकडचं लिहू का? इंडियन ओशन या बँडचं 'ब्लॅक फ्रायडे'. कोर्टाच्या स्थगितीमुळे सिनेमा २००७पर्यंत थिएटरात येऊच शकला नाही, पण गाणी आधीच बाजारात आली होती. म्हणजे मी 'बंदे' पाठ केलं, त्यावर मित्रांशी तासन् तास बोललो, आणि ते गाणं ज्या सिनेमाचं, तो पाहिलाच नव्हता. मनात माझा एक वेगळाच सिनेमा तयार झाला होता. खरा पाहिला तेव्हा पहिली वीस मिनिटं मी दोन्हींची सांगड घालत बसलो होतो. नंतर २००९ला 'देव डी' आला, अठरा गाण्यांचा, अमित त्रिवेदींचा. तोही मी सीडीवरच घेतला, अजून आहे.

जुना बाजार, दर रविवारी

माझं वय सत्तावीस, त्यामुळे कॅसेटचा काळ मला मिळाला नाही. मी एलपी जमवतो. गेल्या हिवाळ्यात जुन्या बाजारात नळाच्या तोट्या आणि बंद घड्याळांच्या ढिगाखाली १९८६च्या 'प्रिटी इन पिंक'ची तबकडी सापडली. कव्हरला वाळवी लागलेली. दोनशे म्हणाला, दीडशेला दिली. घरी डिस्टिल्ड वॉटरमध्ये थेंबभर भांड्यांचा साबण घालून, लेबल भिजू न देता, खाचांच्या दिशेने मऊ कापड फिरवत धुतली आणि ताटाळ्यात उभी करून वाळवली. आई रागावली, मग तीच येऊन ऐकत बसली.

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं स्मिथ्स या बँडचं, दोन मिनिटांचंही नाही. ते अगदी लेबलजवळ येतं. तिथे वेढे लहान होतात, एका फेऱ्यात सुई कमी अंतर कापते, आणि आवाज थोडा फाटतो. वर तिथेच एक ओरखडाही आहे. तरी मला ते असंच आवडतं, फोनवरचं स्वच्छ गाणं आता पोकळ वाटतं.

बाणेर

या सीडी माझ्या मुलाच्या. तो बाहेरगावी गेल्यावर खोकं माझ्याकडे राहिलं. दुपारी एकेक लावते. त्यातली 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन'ची एकदा संपली, म्हणून मी मेथी निवडायला बसले. बराच वेळ सगळं शांत. निम्मी जुडी झाली असेल, तेवढ्यात आतून एका माणसाचा गाण्याचा आवाज आला. मी चांगलीच दचकले. मुलाला फोन केला, तर म्हणाला, 'आई, शेवटच्या गाण्यानंतर लपवून ठेवलंय ते. बिल मरे गातोय, त्या सिनेमाचा नट.' पट्टीचा गायक नाहीये तो, पण मनापासून गातो. आता दरवेळी ती शांतता संपायची वाट बघते, सीडी आधी बंद करत नाही.

धनकवडी

ताई, तुमचं ते राहिलेलं गाणं वाचलं आणि उठून कपाट उघडलं. आमच्या दादालाही नेमकं तेच सलत होतं. 'ओके कम्प्युटर' मिळाल्यावर त्याने 'रोमिओ + ज्युलिएट'च्या कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही खाचांवर सेलोटेप चिकटवला, म्हणजे विकतच्या कॅसेटवरही रेकॉर्डिंग होतं. मग बी बाजूच्या शेवटी उरलेल्या कोऱ्या फितीवर 'एक्झिट म्युझिक' भरलं. फीत पुरली नाही, शेवटचं अर्धं मिनिट तुटलंय. इनलेवर त्याने पेन्सिलने गाण्याचं नाव लिहिलंय आणि पुढे कंसात 'इथे हवं होतं'.

सेलोटेप पिवळा पडलाय. आत्ता लावून बघितली, वाजतेय.