'झटका' आला आन 'झटका' दिला, यात पेशंटच्या घरच्यांनी काय समजायचं?

मी यवतमाळकडं एका ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे. मागच्या उन्हाळ्यात रात्री एका काकांना आणलं, ठोके २०० च्या वर, बीपी पडलेलं, घामानं बनियन पिळून निघेल असं. डॉक्टर म्हणाले झटका द्यावा लागेल, तर पोरगा आडवाच आला, "झटका त आलाच ना, आणखी कायले देता?" त्याचं काय चुकलं? आपल्याकडं हार्ट अटॅक म्हणजे झटका, मिरगीचे झटके, आन मशीनचा शॉक तोही झटकाच. काका वाचले, पण समजावण्यात गेलेली ती दोन-तीन मिनिटं मला अजून टोचतात. याला दुसरा शब्द सांगा, आन ठोक्याच्या इंजेक्शनलाही, 'अँटीअरिदमिक' म्हणून कोणाले काय समजते?

प्रतिसाद: ताई, ठोक्याची लय बिघडण्याले पुस्तकात 'अतालता' आहे, पण कानाला 'अ' ऐकूच येत नाही, नुसतं तालता. 'बेताल' म्हणावं तर आपण ते माणसाच्या वागण्याले म्हणतो. आन 'करंट देतो' असं त चुकूनही म्हणू नका, ओलिताच्या मोटारीचा करंट लागून माणूस गेलेला लोकांनी पाहिला आहे.

प्रतिसाद: तक्रारीचा शब्दच फसवते ना. आमची आजी म्हणे "जीव घाबरते", बाहेरगावचे डॉक्टर समजले भीती वाटते, झोपेची गोळी देऊन घरी पाठवलं. दुसरीकडं ईसीजी काढला तेव्हा समजलं ठोकाच बिघडला होता. वऱ्हाडात जीव घाबरते म्हणजे छाती धडधडते, हे नवीन डॉक्टरले कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगावं.

सिस्टर: हो, हे अगदी खरं! आन औषधाचंही तसंच आहे. अ‍ॅडेनोसिन, म्हणजे फार वाढलेले ठोके खाली आणायचं इंजेक्शन, ६ मिलिग्रॅम शिरेत झपकन सोडून मागून सलाईन ढकलतो, काही सेकंदांतच त्याचा असर संपते, पण तेवढ्यात ठोका क्षणभर थांबते आन पेशंटले वाटते आता गेलो. ते आधीच नाही सांगितलं त माणूस हात धरून ओरडते. अमिओडेरोन वेगळं, हृदय बंद पडलं आन तीन शॉक देऊनही ठोका नाही आला त ३०० मिलिग्रॅम देतात, पण छाती दाबणं थांबवायचं नसते. नातेवाईक विचारतात "हार्ट चालू करायचं इंजेक्शन देलं का?", तसं इंजेक्शन ते नाही, बिघडलेली लय पुन्हा बिघडू नये म्हणून ते असते. म्हणून 'चालू करायचं' हा शब्द मी टाळते. सध्या म्हणते, "ठोका ठिकाणावर आणायचं औषध देतो, नाही आला त मशीननं आणतो." झटका शब्दच काढत नाही. यापेक्षा सोपं कोणाकडं असन त सांगा, वॉर्डात लिहून लावते.