मदत हवी आहे : समुद्री गोगलगायींना न डिवचता फोटो कसे काढायचे?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची. नुकतीच नणंदेबरोबर अंदमानातल्या स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, स्कूबा डायव्हिंग करून आले. आम्ही दोघी खास न्यूडीब्रँकचे, म्हणजे शंख नसलेल्या समुद्री गोगलगायींचे फोटो काढायला गेलो होतो. फोटो मिळाले, पण एका गोष्टीने जीव खट्टू झालाय.

आमचा गाईड मनापासून मदत करणारा. नजर अशी तीक्ष्ण की कपारीतली दीड-दोन सेंटिमीटरची गोगलगायही त्याला लांबून दिसायची. पण दिसली की हातातल्या काडीने ढकलून तो तिला उघड्यावर आणायचा आणि तिचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवायचा. ज्या जातींच्या पाठीवर कल्ल्यांचा तुरा असतो, त्या धक्का लागताच तो आत ओढून घेतात. डोक्यावरची दोन शिंगंही आत जातात. मग समोर उरतो नुसता रंगीत गोळा! शिवाय यातल्या कित्येक जाती ठरावीक स्पंजच (तळाला चिकटून राहणारे समुद्री प्राणी) खातात. त्या स्पंजवरून हलवलं आणि पाण्याच्या ओढीने वाहून गेली, तर तिला पुन्हा खाणं सापडेल का? नणंदेने होडीत हळूच विषय काढला, तर तो म्हणाला, "दीदी, सगळे असंच मागतात." त्यालाही काय दोष द्यायचा?

तर पहिला प्रश्न हाच. गाईडला न दुखावता हे कसं सांगायचं? बुकिंग करतानाच की उतरण्याआधीच्या ब्रीफिंगमध्ये? पाण्याखाली "हात लावू नका" सांगायला तुम्ही कोणती खूण ठरवता?

दुसरी अडचण स्थिर राहण्याची. कॅमेरा ऑलिम्पस टीजी-६, हाउसिंगसह (म्हणजे पाण्याखाली वापरायच्या जलरोधक पेटीसह). मायक्रोस्कोप मोडमध्ये अगदी जवळ जावं लागतं. तिथे श्वास घेतला की मी वर, सोडला की खाली. श्वास रोखायचा नाही हा स्कूबाचा पहिला नियम आणि प्रवाळाला बोटही लावायचं नाही हे आमचं पक्कं. एवढ्यात फोकस शिंगांवरून घसरून पाठीवर जातो. उतरताना वजनं किती आणि कुठे बांधता, फिन्स (पायातले पंख) कशा ठेवता, हे सविस्तर लिहाल का? बडोद्यात किंवा अहमदाबादेत पोहण्याच्या तलावात सिलिंडर लावून सराव करू देणारं कोणी असेल तर तेही सांगा.

उजेडाबद्दल थोडक्यात: पाण्यात तांबडा रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो, त्यामुळे जवळून प्रकाश हवाच, पण इतक्या जवळून कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या वाटेत हाउसिंगच येतं. पहिली खरेदी स्ट्रोबची (म्हणजे बाहेरून जोडायच्या वेगळ्या फ्लॅशची) करू की व्हिडिओ टॉर्चची?

एक ओळखही हवी आहे. फिलिडिया व्हॅरिकोसा लगेच ओळखू आली: काळं अंग, निळसर कंगोरे, त्यांवर पिवळे उंचवटे, आणि पाठीवर तुरा नसतोच. पण एक दुधी पांढरी, काठाला पिवळी रेघ आणि जांभळी शिंगं असलेली, तिचं नाव काही लागत नाही. मिळत्याजुळत्या जाती वेगळ्या करायला तुऱ्याचा रंग बघावा लागतो, आणि माझ्या फोटोत नेमका तुरा आत गेलेला आहे. नुसत्या काठाच्या रेघेवरून निदान गण तरी सांगता येईल का?

अंदमान वरचेवर परवडणारं नाही. म्हणून मधल्या काळात जामनगरजवळच्या नरारा बेटावर ओहोटीत चालत जाऊन बघायचा विचार आहे. सिलिंडर नको, होडी नको, आणि खळग्यांतल्या उथळ पाण्यात हात स्थिर ठेवणंही सोपं जाईल. तो भाग सागरी राष्ट्रीय उद्यानात येतो, त्यामुळे वनखात्याची परवानगी घेऊनच जाऊ. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे हटतं एवढं माहीत आहे, पण गोगलगायी कोणत्या महिन्यात जास्त दिसतात? तिथे जाऊन आलेल्या कोणी तारखा सुचवल्या तर रेल्वेचं आरक्षण लगेच करता येईल.