घर हलवताना स्वयंपाकघराची बांधाबांध

विषय: स्वयंपाकघर कसं बांधायचं?

नमस्कार मंडळी,
बाकी खोल्या खोक्यांत गेल्या, स्वयंपाकघर तेवढं उरलंय. काचेच्या प्लेटा कशा ठेवायच्या? अर्धे भरलेले तेलाचे, मसाल्यांचे डबे न सांडता कसे न्यायचे? फ्रीज किती आधी बंद करायचा? आणि किटलीत क्षारांचा पांढरा थर बसलाय, त्यावर सोडा-व्हिनेगर एकत्र करून ओतलं तर निघेल ना?

उत्तर: स्वयंपाकघर कसं बांधायचं?

ताई, प्लेटा उभ्या ठेवा, गाण्यांच्या जुन्या तबकड्या ठेवतात तशा. आडव्या थप्पीत वरच्या सगळ्यांचा भार खालच्या प्लेटवर येतो आणि गाडी आदळली की तीच तडकते. उभी प्लेट धक्का कडेवर घेते. खोक्याच्या तळाला चुरगाळलेल्या कागदाची चार-पाच सेंटीमीटरची गादी करा, प्रत्येक प्लेट वेगळी गुंडाळा, वरूनही तेवढाच कागद. पहिला कागद कोरा हवा, कारण वर्तमानपत्राची शाई भांड्यांना लागते. त्यावर वर्तमानपत्र चालेल. पेल्यांच्या आत कागद सैल घाला, ठासून भरलात तर आतल्या दाबानेच पेला जातो.

खोकं लहान घ्या, १५ किलोच्या आत ठेवा. तळाच्या फटीवर टेपची एकच पट्टी भरवशाची नाही, लांबीत दोन आणि त्यांना आडव्या दोन मारा. बंद केल्यावर हलकेच हलवून बघा. आतून खुळखुळ ऐकू आली तर उघडून कागद वाढवा.

सुऱ्या: पुठ्ठा दुमडून म्यान, त्यावर टेप, पुडक्यावर ठळक ‘सुऱ्या’.

उत्तर: स्वयंपाकघर कसं बांधायचं?

काचा फुटण्यापेक्षा गळतीने जास्त सामान वाया जातं, त्यामुळे तेलाकडे आधी बघा. काठोकाठ भरलेला कॅन नेऊ नका. खाद्यतेल दर १० अंश सेल्सियसला साधारण ०.७ टक्के फुगतं. पाच लिटरचा कॅन सकाळी गार घरातून निघून बंद गाडीत २० अंशांनी तापला, तर आतलं तेल जवळपास ७० मिलीलिटर वाढतं. वर मोकळी जागा नसेल तर ते झाकणाच्या आट्यांमधूनच वाट काढणार. म्हणून दहावा हिस्सा तरी रिकामा ठेवा.

पद्धत अशी. झाकण काढा, तोंडाच्या कडा आणि आटे कोरडे पुसा (तेलकट कडेवर प्लास्टिक बसतच नाही, घसरतं), प्लास्टिकची पातळ फिल्म दुहेरी करून तोंडावर ताणा आणि त्यावरूनच झाकण पिळा. झाकणावर बाहेरून चिकटपट्टी गुंडाळण्याचा उपयोग कमी, तेल लागलं की तिचा गोंदच सुटतो. मग बाटली जाड पिशवीत घालून गाठ मारा आणि उभी ठेवा. शेजारी कागदी पाकिटं नकोत.

मसाल्यांच्या डब्यांनाही फिल्मचीच युक्ती. पिठाला किडीची शंका असेल तर हवाबंद पिशवीत उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर गार पिठावर दव धरतं आणि गुठळ्या होतात.

कुकरचं झाकण लावून बांधू नका. रिंग दबून राहते आणि आत कोंदट वास धरतो. रिंग आणि शिट्टी एका छोट्या पिशवीत घालून ती कुकरच्या पोटातच ठेवा.

लोखंडी तव्यावर तेलाचा पुसट हात फिरवून कागदात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये दमट हवा अडकते आणि तवा गंजतो.

उत्तर: सोडा आणि व्हिनेगर

एकत्र मुळीच नको. फेस जोरात येतो म्हणून ते लोकप्रिय आहे, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळपास खारट पाणी. किटलीतला थर कॅल्शियम कार्बोनेटचा, त्याला आम्लच पाहिजे. एक लिटर गार पाण्यात एक मोठा चमचा लिंबूफूल म्हणजे सायट्रिक ॲसिड विरघळवा, उकळा, अर्धा तास ठेवून ओता. पूड तापलेल्या किटलीत टाकू नका, फसफसून बाहेर येते. नंतर साधं पाणी दोनदा उकळून फेकून द्या.

सोडा लागतो करपलेल्या स्टीलच्या पातेल्याला: करपलेला भाग बुडेल इतकं पाणी, दोन मोठे चमचे सोडा, दहा मिनिटं उकळी. ॲल्युमिनियमला सोडा लावलात तर भांडं काळं पडेल, तिथे लिंबूफूलच वापरा.

बरणीवरच्या लेबलचा चिकटपणा गोडं तेल आणि सोडा कालवून चोळला की दहा मिनिटांत सुटतो.

आणि जुनं घर धुताना ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

उत्तर: फ्रीज

निघायच्या २४ तास आधी बंद करा, दार उघडं ठेवून बर्फ वितळू द्या. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सोडा घालून आतून पुसा, मग कोरड्या फडक्याने. दाराच्या रबराच्या घड्या विसरू नका, बुरशी तिथूनच सुरू होते. मागे तळाशी पाण्याचा ट्रे असेल तर तोही रिकामा करा, नाहीतर ते पाणी जिन्यावर सांडेल. काचेचे कप्पे काढून वेगळे गुंडाळा.

उत्तर: फ्रीज

सगळ्यांचे आभार. एक राहिलं: जिना अरुंद आहे, फ्रीज आडवा करावा लागला तर?

उत्तर: फ्रीज

तिरपा करून जमतंय का ते आधी बघा. आडवाच करावा लागला तर कुशीवर, दारावर किंवा पाठीवर नाही. आडवा झाला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. जितके तास आडवा होता, नव्या घरी उभा करून निदान तेवढेच तास थांबा आणि मगच प्लग लावा. दिवसभर आडवा राहिला असेल तर पूर्ण २४ तास.