शेवटचा खेळ सुटल्यावर घरी कसं आलात? (भुताचे पिक्चर: तेव्हाचे आणि आत्ताचे)

सातवी गल्ली
परवा थोरल्यानं बळंच बसवलं. "आई, हा बघ, झोप लागणार नाही तुला." नवा कोरा भुताचा पिक्चर. दर पाच मिनिटांनी कानाशी पत्र्याचा डबा आपटल्यासारखा आवाज, की आली बाई. मी मटार सोलत होते. अर्धा किलो झाला, हात एकदाही थांबला नाही. तो पाणी प्यायला उठला तेवढ्यात मला डुलकी लागली.

आणि रात्री दोनला जाग आली ती सामरीमुळं! 'पुराना मंदिर'मधला राक्षस तो, पिक्चर १९८४ चा. आमच्या तालमीनं गणपतीत रस्त्यात पडदा बांधून दाखवलेला. मी चौथीत असेन. पुढं जागा नाही म्हणून आम्ही पोरी पडद्याच्या मागं बसलो, तिथं अक्षरं उलटी दिसायची. सामरी आला आणि नेमकं वारं सुटलं. पडदा फुगला तो आमच्याच बाजूला. ते तोंड पोट फुगवून अंगावर आलं हो! माझी एक चप्पल अजून तिथंच असेल. घर चाळीस पावलांवर, पण मधला बोळ काळोखा. शेजारच्या काकूंनी हाताला धरून पोचवलं.

तर तुमचं सांगा. नव्यात असं काही उरलंय, का माझंच वय झालं?

भज्जीप्लेट
वय झालं 😂

सातवी गल्ली
@भज्जीप्लेट ये घरी, मटार सोलायला बसवते.

डबा नंबर तीन
आमचे वडील टॉकीजात ऑपरेटर, त्यामुळं मी भुताचे पिक्चर पुढून कमी आणि केबिनच्या भोकातून जास्त बघितलेत. कार्बनच्या कांड्यांवर चालणारं मशिन. कांडी झिजत जाते, ती सारखी पुढं सरकवत राहायची, नाहीतर पडद्यावर अंधार. भुताच्या पिक्चरला आधीच अंधार, त्यामुळं कांडी संपत आली की दिग्दर्शकानं केलंय का वडिलांना डुलकी लागलीय, पब्लिकला कळायचं नाही. मागनं शिट्ट्या आल्या तर वडील, नाही आल्या तर दिग्दर्शक.

दोन हजार फुटांचं रीळ, बावीसेक मिनिटं चालतं. एक प्रिंट दोन टॉकीजला असली की पोरगा सायकलवरनं डबे इकडून तिकडं न्यायचा. एकदा रामसेंचा ('पुराना मंदिर'वाले) कुठलातरी होता आणि पोरगा पंक्चर झाला. म्हणजे सायकल. तीन नंबरचा डबा येईना. वडिलांनी चार नंबर लावला. भूत मेलं, लग्न ठरलं, आणि मग तीन नंबर आल्यावर तेच भूत परत उठून हिंडाय लागलं. बाहेर पडताना एक माणूस दुसऱ्याला सांगत होता, "हे खरं भूत बघ, मारलं तरी येतंय."

मला स्वतःला भीती वाटायची ती सगळे गेल्यावर. वडील मशिन पुसत बसायचे आणि मला खाली पाठवायचे, खुर्च्यांत कुणी झोपलंय का बघायला. सहाशे खुर्च्या, एक बॅटरी. कुणीतरी झोपलेलं असायचंच.

रंकाळावेस
@डबा नंबर तीन "कुणीतरी झोपलेलं असायचंच" 😳 हे वाक्य रात्री अकराला वाचायला नको होतं.

कोल्हापुरी साज
पंक्चर झालेला पोरगा 🤣🤣

पांढरा रस्सा
स्पष्ट बोलतो, राग नको. रामसे म्हणजे धूर, वाडा आणि रबराचं तोंड. लहान होता म्हणून घाबरलात. आज लावून बघा, हसाल. 'तुंबाड' बघा आणि मग बोला. २०१८ ला आला तेव्हा आपल्याकडं चार माणसं बघायला नव्हती. मी त्या चारात. २०२४ च्या सप्टेंबरात परत लावला तेव्हा वडलांना घेऊन गेलो, हाऊसफुल! पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली त्याची. वडील पिक्चरभर एक शब्द बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "आपल्या गगनबावड्याच्या घरात पण असाच वास यायचा पावसाळ्यात." मी म्हटलं वास कसा काय आला तुम्हाला? "आला," म्हणाले. जुन्या एका तरी पिक्चरनं नाकात वास आणलाय का?

सातवी गल्ली
@पांढरा रस्सा आणलाय की. पडद्यामागं गटार होतं.

भज्जीप्लेट
गगनबावड्याला कुठं घर? आमचं आजोळ तिकडंच.

पांढरा रस्सा
@भज्जीप्लेट वरच्या अंगाला. आता पडलंय. खाजगी निरोप टाकतो.

शाई आणि दौत
आईला विचारलं आत्ता. वय ८४. सामरी-बिमरी तिला माहीत नाही. तिचं एकच, 'महल'. म्हणजे अशोककुमार, मधुबाला, १९४९. तिनं पुष्कळ नंतर बघितला, लग्न होऊन इथं आल्यावर, सासूच्या चोरून. म्हणते भूत दिसतच नाही त्यात, नुसतं गाणं येतं. 'आयेगा आनेवाला'. लताबाईंनी ते रेकॉर्डिंगच्या वेळी माईकपासून लांब उभं राहून सुरू केलं आणि गात गात जवळ येत गेल्या, म्हणून ते दुसऱ्या खोलीतनं आल्यासारखं वाटतं. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "दुसऱ्या खोलीतनं नव्हे, माडीवरनं." आमच्या जुन्या घराला माडी होती. घर विकेपर्यंत ती रात्री जिना चढली नाही, आम्हाला वाटायचं गुडघे!

आवाज लांबनं आला की माणूस कान टवकारतं. आताच्या पिक्चरात आवाज कानातच जन्मतो, मग ऐकायचं काय? बोटं घालायची.

रात्रपाळी
मी सिस्टर आहे, सव्वीस वर्षं झाली. पिक्चरला भीत नाही. तीन वाजता बंद पडलेली लिफ्ट आपोआप खाली येते, दार उघडतं, आत कुणी नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो सेन्सर. असेल. आम्ही आत बघून "या" म्हणतो आणि परत फायली लिहितो. सवडीनं सविस्तर लिहिते, कुकर झालाय.

रंकाळावेस
@रात्रपाळी अहो ताई! कुकर नंतर!

कोल्हापुरी साज
'झपाटलेला' कुणीच नाही काढला? १९९३. सगळे हसायचे लक्ष्याला, आणि मी सोफ्याच्या मागं. तात्या विंचू!! बाहुल्याची मूळ कल्पना अमेरिकन पिक्चरची, पण तो बाहुला मराठीत शिव्या देतो म्हटल्यावर तो माझ्याच घरी येणार ना, अमेरिकेला कशाला जाईल. मामानं दिलेली बोलकी बाहुली होती माझ्याकडं, पोट दाबलं की रडायची. एका रात्री न दाबता रडली. दुसऱ्या दिवशी दादानं पंचगंगेला नेऊन सोडली. घाटावर एका आजींनी विचारलं म्हणे, "कुणाचं विसर्जन?" सेल संपत आले की असं होतं हे कॉलेजात गेल्यावर कळलं. अजून वाईट वाटतं तिचं.

बावड्याचा
रामदास पाध्यांचा बाहुला. शाळेच्या गॅदरिंगला आमच्या सरांनी तसाच मोज्याचा केला होता. विषय नाही पण आठवलं.

भज्जीप्लेट
मोज्याचा वास पण आला असेल नाकात @पांढरा रस्सा

उसाचा फड
उशीर झाला लिहायला. नव्यातला मला एकच लागला, 'लपाछपी', २०१७. मराठीच. घर उसाच्या मधोमध. ज्यानं काढलाय त्याला ऊस कळतो. शहरातल्या माणसाला ऊस म्हणजे रस. आम्हाला म्हायत्याय, दहा महिन्याच्या फडात हात पुढं केला तर बोटं दिसत नाहीत, आणि वाळला पाला वारं नसताना पण सळसळतोय.

पिक्चर बघितलो आणि त्याच आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची पाळी. बारा वाजता शेतीची लाईट येणार. गेलो पाणी पाजायला. मोटर लावली, सरी धरली, पाणी पुढं सोडलं. आणि आतनं बारकी पोरं पळाल्यागत आवाज. त्या पिक्चरात पण बारकी पोरंच हायत. बॅटरी मारली तर काय नाही. बंद केली की परत. बायकोचा फोन, "पाणी कुठवर आलंय?" मी म्हटलं, पाण्याचं सोड, तू फोन ठेवू नको. पाऊण तास बोललो. लग्नाआधी पण एवढं बोललो नव्हतो. सकाळी बघतोय तर रानडुकरांनी दोन गुंठं ऊस आडवा केल्याला.

याच पिक्चरचा पुढं हिंदीत 'छोरी' निघाला. बघितलो नाही. एकदा बास.

पांढरा रस्सा
बघा, नवाच पिक्चर लागला ना शेवटी! माझा मुद्दा सिद्ध.

डबा नंबर तीन
@पांढरा रस्सा ऊस जुनाच आहे हो.

सातवी गल्ली
@उसाचा फड वहिनींना काय सांगितलंत?

उसाचा फड
डुकरं होती म्हटलं. ती म्हणाली, फोनवर मला पण ऐकू येत होतं, पण डुकरासारखं नव्हतं.

रंकाळावेस
नको. नको नको.

रात्रपाळी
कुकर झाला. लिफ्टचं उद्या लिहिते, मला आज ड्युटी आहे.

उसाचा फड
बारा वाजले. लाईट आली. जातो मोटर चालू करून येतो.

सातवी गल्ली
शीळ घालत जावा.

भज्जीप्लेट
रात्री शीळ घालू नये म्हणतात.