लॅपटॉप वाटले की मुलं शिकतात?

गणिताची बाई: 'प्रत्येक विद्यार्थ्याला लॅपटॉप द्या, मूल आपलं आपण शिकेल' ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. आमच्या वर्गात लॅपटॉप आले होते. महिनाभर कौतुक झालं, मग एकेकाची बॅटरी बसायला लागली. एका मुलीच्या लॅपटॉपची बिजागरी तुटली, तर ती डाव्या हाताने पडदा धरून उजव्या हाताने टाइप करायची. दुरुस्तीला पैसेच ठेवले नव्हते. पेरू देशाने ओएलपीसीचे, म्हणजे 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या स्वस्त लॅपटॉपच्या योजनेतले, साडेआठ लाखांच्या आसपास लॅपटॉप वाटले. २०१२च्या अभ्यासात गणितात, भाषेत काडीचाही फरक दिसला नाही.

दोन मुलांचा बाप: त्याच अभ्यासात मुलांची आकलनक्षमता थोडी वाढलेली दिसली, ते का गाळलंत? उरुग्वेने २००७पासून लॅपटॉपबरोबर शाळांना इंटरनेटही दिलं. २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझी दोन मुलं एका मोबाइलवर शिकत होती. धाकटीचा तास बुडायचा, कारण थोरल्याची दहावी. तेव्हा कुठे होता तुमचा फळा?

गणिताची बाई: उरुग्वेतही सुरुवातीच्या पाहणीत गुण वाढले नाहीत. आणि फळ्यावर घसरू नका.

जुना वाचक: मूळ दुखणं वेगळंच आहे. मुलांचं लिहिणं सुटलंय! माझा नातू चार ओळी लिहिल्या की बोटं झाडतो. अक्षर गिरवल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. आधी वही, मग यंत्र.

एक आई: आजोबा, माझ्या मुलाला डिसग्राफिया आहे, म्हणजे हाताने लिहिणंच त्याला अवघड जातं. तिसरीत त्याची वही वर्गासमोर उंच धरून दाखवली होती. घरी येऊन त्याने पेन्सिलीचे तुकडे केले. कीबोर्ड मिळाल्यावर पहिल्यांदा पानभर निबंध लिहिला त्याने. 'आधी वही' म्हणताना अशी मुलं तुमच्या हिशेबातच नाहीत.

जुना वाचक: मी सर्वसाधारण मुलांबद्दल बोलत होतो. लगेच अंगावर येऊ नका.

एक आई: येणार. सर्वसाधारणच्या नावाखाली त्याने तीन वर्षं मार खाल्लाय.

दोन मुलांचा बाप: हेच म्हणतोय मी! सगळ्यांना दिला, तर असं मूल वेगळं उठून दिसणार नाही.

गणिताची बाई: हा मुद्दा पटला. बाकीचे नाही. द्या सगळ्यांना, पण दुरुस्तीचा माणूस आणि शिक्षकांचं प्रशिक्षण त्याच खर्चात धरा. ती मुलगी वर्षभर पडदा धरून बसली होती, आणि मी रोज बघत होते.

जुना वाचक: त्या मुलाचा निबंध मला वाचायला आवडेल. वहीबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.