बर्फाखाली गळ: आमिष किती खोल सोडायचं?

मिनियापोलिसहून:
काका, नमस्कार. मंडळातले आम्ही काही जण जानेवारीत मिल लॅक्स तळ्यावर बर्फातून मासे धरायला जातोय. परवाने काढलेत, भोक पाडायचा ऑगरही मिळालाय. पण आमिष किती खोल सोडायचं, हे प्रत्येक जण वेगळं सांगतो. तुम्ही इथे बरेच हिवाळे काढलेत आणि मूळचे वरळी कोळीवाड्याचे. जरा नीट सांगाल का?

मुंबईहून:
पोरी, खोली वरून मोजू नकोस, तळापासून मोज. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून हिवाळ्यात ते तळाशी बसतं आणि शून्याजवळचं पाणी बर्फाला लागून वर राहतं. वॉलाय आणि पर्च हे तिथले मासे बहुतेक वेळ तळाजवळच असतात. वरून 'दहा फूट' ठरवून सोडलंस आणि खाली वीस फूट पाणी असलं, तर दिवसभर बसून राहशील.

आधी गळाला जड शिसं अडकव आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सोडत जा. तो सैल पडला की तळ लागला. आता हळूच ताण घे. झटका नको, चिखलात रुतलेलं शिसं माप चुकवतं. पाण्याच्या पातळीवर तंगूस चिमटीत धर आणि तरंगत्या बुचाच्या वरची थांबगाठ (बूच जिथे अडतं ती सरकती गाठ) तिथे आण. मग ती गाठ गळाच्या दिशेने फूटभर सरकव. शिसं काढून आमिष लाव, म्हणजे ते तळापासून फूटभर वर राहील. वॉलायसाठी सहा इंच ते एक फूट एवढं अंतर धर. संध्याकाळी उजेड मावळताना गळ पाण्यातच हवा, कारण अंधूक प्रकाशात त्याला चांगलं दिसतं.

आपल्याकडे समुद्रात हे माप टिकतच नाही. उधाणाला पाणी सहा तासांत चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, शिवाय ओढीने दोरी तिरपी जाते, त्यामुळे किती वाव (दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी) दोरी सोडली यावरून खोली कळत नाही. शिंगाळ्यासाठी शिसं तळाला टेकवूनच बसावं लागतं. तळ्यात ओढ नाही, भरती नाही. दोरी सरळ खाली जाते आणि एकदा लावलेलं माप त्या भोकापुरतं दिवसभर चालतं. दुसऱ्या भोकावर गेलीस की पुन्हा मोज.

तंगूस बारीक घे, पर्चला चार पौंडांचा ताण सोसणारा पुरतो. विणलेली दोरी पाणी धरते आणि थंडीत कडक होते. छोटं शिसं गळाच्या फूट-दीड फूट वर दाब. जिवंत मासोळी पाठीच्या पराखाली वरवर टोच, कण्याला लागली तर मरते. बूच जेमतेम तरंगेल एवढंच वजन ठेव, म्हणजे नाजूक चावाही दिसेल. भोकात साय धरते, ती झाऱ्याने काढत राहा.

आणि बर्फ आधी मोज. चालायला निदान चार इंच स्वच्छ, घट्ट बर्फ हवा. पांढरा असेल तर त्याच्या दुप्पट.

मिनियापोलिसहून:
काका, खूप आभार. टिप-अपलाही (मासा लागला की झेंडा उभा करणारं, भोकावर ठेवायचं साधन) हेच माप का? आणि क्रॅपी माशासाठी?

मुंबईहून:
टिप-अपलाही तेच. त्याचं रीळ पाण्याखाली राहतं, म्हणून गोठत नाही. तळाचं माप मिळालं की रिळाजवळ तंगुसावर खूण बांध, म्हणजे मासा काढल्यावर गळ पुन्हा त्याच खोलीवर जातो. पाइक मासा येण्याची शक्यता असेल तर गळाआधी तारेचा तुकडा लाव, त्याचे दात तंगूस कापतात.

क्रॅपीचं मात्र वेगळं. त्याचे थवे तळ सोडून मधल्या पाण्यात उभे राहतात आणि तो खायला वर येतो, खाली फारसा जात नाही. त्यामुळे आमिष थव्याच्या थोडं वर हवं. खोलीमापक यंत्र कुणाकडे असलं तर उत्तम. नसलं तर तळापासून दर खेपेला दोन-दोन फूट वर घेत जा आणि चावा आला ती खोली सगळ्यांना सांग. तीस फुटांहून खोल पाण्यातून ओढलेला क्रॅपी परत सोडला तरी बहुधा जगत नाही, म्हणून तिथे खाण्यापुरते धरा आणि थांबा.