समावेश, समावेशन की सामावून घेणं? विज्ञानस्पर्धेच्या टीमसाठी शब्द हवा आहे

पेट्रीडिश
नमस्कार. आमच्या कॉलेजची आयजेमची टीम आहे. सिंथेटिक बायॉलॉजीची (म्हणजे सजीव पेशींत हवे तसे बदल घडवण्याच्या शास्त्राची) ही विद्यार्थीस्पर्धा २००४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये पाच संघांवर सुरू झाली, आता अंतिम मेळावा पॅरिसला भरतो. तिथे इन्क्लुजनसाठी वेगळं पारितोषिक असतं आणि त्यासाठी टीमने काय काय केलं ते मांडावं लागतं. इंग्रजी मजकूर तयार आहे. पण आमच्या कार्यशाळा जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये होतात, तिथल्या फलकावर मराठीच हवी. टीममध्ये चार शब्द निघाले: समावेश, समावेशन, सर्वसमावेशकता, सामावून घेणं. एकमत काही होईना. शिवाय विविधता लिहावं की वैविध्य?

धातुकोश
सोपं आधी. 'विविधता' आणि 'वैविध्य' ही दोन्ही 'विविध'चीच भाववाचक नामं आहेत, अर्थामध्ये फरक नाही. 'वैविध्यता' मात्र लिहू नका. भाववाचक नामालाच पुन्हा 'ता' जोडलेला तो चुकीचा शब्द आहे आणि हल्ली सर्रास दिसतो. तुम्ही जीवशास्त्राची मंडळी, 'जैवविविधता' रोजच्या वापरातला, म्हणून 'विविधता'च घ्या.

आता 'समावेश'. सम् + आ + विश्. 'विश्' म्हणजे आत शिरणे. प्रवेश, निवेश, अभिनिवेश सगळे याच धातूचे. 'समावेशन' म्हणजे ती क्रिया, ती प्रक्रिया. अहवालात शोभेल, शाळेतल्या फलकावर जड वाटेल. 'समावेशी' हे हिंदीचं वळण आहे, मराठीत 'समावेशक'. 'सर्वसमावेशक'ची अडचण वेगळी: 'सर्वसमावेशक अहवाल' म्हटलं की आपल्याला ज्यात सगळे मुद्दे आले आहेत असा अहवाल कळतो. 'सर्वसमावेशक प्रकल्प' वाचून शाळेतल्या बाई तुमच्या प्रकल्पात सगळे विषय आहेत असं समजतील.

'सामावणे' दिसायला 'समावेश'च्या घरचा वाटतो, पण त्याचा धातू 'मा', म्हणजे मोजणे. 'मावणे' त्याचाच. डब्यात मावेल तेवढंच आपण भरतो. डबा काही मोठा होत नाही. म्हणून 'सामावून घेणे' हा प्रेमळ शब्द असला तरी त्यात जागा आधीच ठरलेली आहे आणि नव्या माणसाने त्या मापात बसायचं आहे, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

वाटाड्या
दिव्यांग मुलांच्या शिक्षणात आम्ही हाच भेद रोज करतो, फक्त शब्द वेगळे. 'एकात्मिक शिक्षण' म्हणजे मूल नेहमीच्या शाळेत आणून बसवायचं. 'समावेशक शिक्षण' म्हणजे शाळेने स्वतःत बदल करायचा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या व्याख्येत दोन्ही भाग आहेत: दिव्यांग असलेली आणि नसलेली मुलं एकत्र शिकतील, आणि शिकवण्याची पद्धत त्यांच्या गरजेप्रमाणे बदलली जाईल. दुसरा भाग गाळून पहिल्यालाच समावेश म्हणायची सवय पडली आहे आणि त्याचा मला फार त्रास होतो. तुमच्या प्रयोगशाळेतल्या ओट्याखाली कपाटं असतील, तर व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याचे गुडघे आत जाणार नाहीत. त्याला टीममध्ये घेतलंत आणि ओटा तसाच ठेवलात, तर तो पिपेट (द्रव मोजून घ्यायची नळी) हातात कधी धरणार?

जुनी पाटी
धातुकोशांनी 'प्रवेश'ही त्याच धातूचा सांगितला, म्हणून एक आठवण करून देते. कमला सोहोनी (तेव्हाच्या भागवत) १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना नाकारलं. त्या हटल्या नाहीत, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष उमेदवारीचं, काम पसंत पडलं तरच पुढे नियमित विद्यार्थिनी. पुढे त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. त्या पहिल्या वर्षाला 'समावेश' म्हणायला माझी जीभ वळत नाही. मुली आज आहेत हो प्रयोगशाळेत, पण त्यांच्या वाट्याला कुठलं काम येतं, हे विचारा.

पेट्रीडिश
जुनी पाटी ताई, हे आमच्याच बाबतीत खरं होतं. पहिल्या वर्षी वेट लॅबमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगांच्या कामात, मुली भरपूर, पण मॉडेलिंगला, म्हणजे संगणकावरच्या गणिती कामाला, एकही नाही, आणि पोस्टरची सजावट न सांगता मुलींकडे. बैठका रात्री नऊला. मुलींच्या वसतिगृहाचं दार तोवर बंद झालेलं असायचं. आता बैठक साडेपाचला असते आणि कामं दर महिन्याला फिरतात.

आणखी एक गोष्ट. आमच्या पेशींच्या चित्रांत एक प्रथिन हिरवं चमकतं, दुसरं लाल. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली की जिथे दोन्ही असतात तिथे पिवळं दिसतं. टीममधला एक मुलगा महिनाभर या चित्रांवर गप्प बसायचा. नंतर कळलं की त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. या प्रकारच्या रंगांधत्वाची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, म्हणून ते मुलग्यांत जास्त आढळतं. हे आम्ही परीक्षेत लिहिलेलं होतं, तरी शेजारी बसलेल्याचं लक्षात आलं नाही. आता लालच्या जागी मॅजेन्टा (गुलाबी-जांभळा) वापरतो. हिरवा आणि मॅजेन्टा एकत्र आले की पांढरं दिसतं, आणि तो आता सगळ्यांच्या आधी बोलतो.

सेमीइंग्लिशवाला
भाषा विसरू नका. आमच्यासारख्यांनी गणित-विज्ञान इंग्रजीत शिकलं, पण शंका मराठीतच विचारली. टीमच्या बैठकीत सगळे इंग्रजीत बोलायला लागले की बुद्धीने मागे नसलेला मुलगा शब्द जुळवेपर्यंत विषय पुढे निघून जातो. आणि पैसा! नोंदणीचं शुल्क हजारो डॉलर, वर पॅरिसचा प्रवास. वर्गणी काढून जायचं ठरलं की कोण जाणार ते घरच्या परिस्थितीवर ठरतं, आणि विविधता फोटोपुरती उरते. 'विविधतेने नटलेल्या' असं आपण शाळेत रोज म्हणत आलो, म्हणून हा शब्द नटण्या-सजण्याशी जोडला गेलाय की काय, अशी मला शंका येते.

पेट्रीडिश
प्रवासाचा खर्च यंदा एकत्र निधीतून करतोय, पण तो पुरलेला नाही, हे खरं आहे. फलकाचा मसुदा असा:
'आमच्या टीममध्ये मुलींनाही संधी दिली जाते. ग्रामीण विद्यार्थ्यांना सामावून घेतले जाते. आम्ही विविधतेचा आदर करतो.'

धातुकोश
तिन्ही वाक्यं बदला. 'मुलींनाही'तला 'ही' काढा. त्याने मुली मूळ यादीबाहेरच्या ठरतात. 'दिली जाते', 'घेतले जाते' यांत देणारा-घेणारा कोण ते लपतं. आणि 'आदर करतो' यात करायचं काहीच नाही. कर्ता समोर आणा, क्रियापद ठोस ठेवा:
'आम्ही बैठक सगळ्यांना जमेल त्या वेळी घेतो. प्रत्येक काम प्रत्येकाला शिकवतो. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर देतो. आमची चित्रं रंगांध मित्रालाही वाचता येतात.'
वर शीर्षक 'टीममधील विविधता आणि समावेश' एवढं पुरे. 'समावेशन' अहवालासाठी राखून ठेवा.

जुनी पाटी
शेवटच्या वाक्यात तुम्हीच 'मित्रालाही' लिहिलंत! 'सगळ्यांना वाचता येतील अशी चित्रं आम्ही काढतो' असं करा. एका मुलाकडे बोटही जाणार नाही.

धातुकोश
मान्य. हेच वाक्य घ्या.

वाटाड्या
हाच मजकूर तुम्ही संकेतस्थळावर टाकणार असाल, तर चित्र करून टाकू नका, युनिकोडमध्ये टाका. चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडरला (अंध व्यक्तींना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) साध्या मजकुरासारखी मिळत नाहीत. आणि ज्या शाळेत अंध विद्यार्थी असतील तिथे एक प्रत ब्रेलमध्ये न्या. मराठीसाठी भारती ब्रेल चालतं. मसुदा पक्का झाला की इथे टाका, मी तपासून देतो.